मर्विन टिंडलचा नायक उठत नाही

मर्विन टिंडलचा नायक गेले अकरा आठवडे एकाच खुर्चीत बसून होता. त्याचं नाव हॅरल्ड. पहिल्या वाक्यात तो स्वयंपाकघरात आला, दुसऱ्यात खुर्ची ओढून बसला आणि तिसऱ्यात त्याने खिडकीबाहेर पाहिलं. चौथं वाक्य अजून यायचं होतं. मर्विन रोज सकाळी न्याहारी उरकून वही उघडे, मग तो हॅरल्डकडे बघे आणि हॅरल्ड खिडकीबाहेर बघे. घाई दोघांनाही नव्हती, पण जिल्ह्याच्या कथास्पर्धेची मुदत जवळ येत चालली होती आणि तिथे दीड हजार शब्द लागत होते. मर्विनकडे एकोणीस होते, तेही हॅरल्डचं आडनाव धरून.

मर्विनने यॅराबिजीच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले होते. निवृत्तीनंतर वर्षभर त्याने गुलाब लावले, दुसऱ्या वर्षी ते उपटले, आणि तिसऱ्या वर्षाच्या तोंडाशी त्याच्या बायकोने, म्हणजे ग्लेनिसने, वाचनालयातली एक जाहिरात त्याच्यासमोर ठेवली. ‘तुमच्या आत एक गोष्ट आहे’ असं तीत लिहिलं होतं. दर बुधवारी दहा ते बारा, चहा मोफत.

“माझ्या आत काही नाही,” मर्विन म्हणाला होता.

“ते मला माहीत आहे,” ग्लेनिस म्हणाली. “पण बुधवारी दोन तास तू बाहेर राहशील.”

वर्ग घ्यायला मेलबर्नहून आलेली इमोजेन नावाची मुलगी होती. मुलगी म्हणजे असेल पस्तिशीची, पण त्या वर्गात पन्नाशीच्या आतला माणूस म्हणजे मूलच. ती कोणालाही वाईट म्हणत नसे. एखाद्याचं लिखाण अगदीच हाताबाहेर गेलेलं असलं की ती म्हणे, “यात खूप शक्यता आहेत.” मर्विनच्या तीन वाक्यांना तिने लागोपाठ चार बुधवार खूप शक्यता दिल्या. पाचव्या बुधवारी मात्र तिचा धीर सुटला.

“मर्विन, तुमच्या हॅरल्डला हवंय काय?”

मर्विनने प्रामाणिकपणे विचार केला. “चहा,” तो म्हणाला.

“बरं. आणि चहा पिऊन झाल्यावर?”

“कप विसळायचा.”

वर्ग हसला. त्यात वाईट हेतू नव्हता, पण माणसाच्या मानापमानाचं मीटर असं असतं की बारीक थेंबही त्यात नोंदला जातो. एकतीस वर्षांत या गावातल्या कुत्र्यांशिवाय कोणी त्याच्यावर भुंकलं नव्हतं, हसणं तर दूरच. तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि उरलेला तास चहाबरोबरच्या लॅमिंग्टन केकच्या तुकड्यावरचा खोबऱ्याचा कीस बोटाने टिपत बसला.

वर्ग सुटल्यावर इमोजेनने त्याला बाजूला घेऊन एक कागद दिला. पात्राला विचारायचे चाळीस प्रश्न. खिशात काय आहे? शेवटचं खोटं कोणाशी बोललास? घरात कोणता आवाज सतत येतो? दुरुस्त करता येण्यासारखी कोणती गोष्ट तू दुरुस्त केली नाहीस? आणि सतरावा, ज्याच्याखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या: तुला असं काय हवं आहे, जे तू अजून कोणालाच सांगितलेलं नाहीस?

“हॅरल्डला हे विचारा,” ती म्हणाली. “तो उत्तरं देईल. मग तो आपोआप उठेल.”

मर्विनने घरी येऊन हॅरल्डला विचारलं. खिशात काय आहे? रुमाल. मर्विनने स्वतःच्या खिशात हात घातला. रुमाल. शेवटचं खोटं? ग्लेनिसने केलेलं भोपळ्याचं सूप छान झालंय असं म्हणालो ते. चौथ्या प्रश्नापर्यंत मर्विनच्या लक्षात आलं की हॅरल्ड म्हणजे आपणच, फक्त मीटरवाल्याची टोपी काढलेले.

“मग तर तो उठायचाच नाही,” ग्लेनिस इस्त्री करता करता म्हणाली.

आता इथे मर्विनची अडचण समजून घ्यायला हवी. मीटर वाचणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात, की आकडा मनातून काढायचा नसतो. फाटकाशी जायचं, झाकण उचलायचं, वाकायचं, वाचायचं. त्यांच्या खात्यात कल्पनाशक्ती वापरणारा आजवर एकच माणूस होऊन गेला होता. तो युकॅलिप्टसच्या सावलीत बसून अख्ख्या रस्त्याचे आकडे लिहून टाकत असे, आणि तेही इतके पटण्यासारखे की तीन वर्षं कोणाला कळलं नाही. मग त्याने एका रिकाम्या प्लॉटला पाणी वापरायला लावलं आणि त्याला काढून टाकलं. त्या प्रसंगातून मर्विनने जो धडा घेतला तो नोकरीला पोषक आणि कथालेखनाला मारक होता.

तेव्हा त्याने ठरवलं, हॅरल्डला विचारून उपयोग नाही. खऱ्या माणसांना विचारायचं, उत्तरं गोळा करायची, आणि त्यांतून थोडं थोडं घेऊन हॅरल्ड भरायचा. प्रश्न कॉम्प्युटरवर टाइप करताना त्याने ‘तू’च्या जागी ‘तुम्ही’ घातलं, कारण शेजाऱ्यांना असले प्रश्न एकेरीत विचारणं बरं दिसलं नसतं. कागद म्हणून पालिकेच्या जुन्या लेटरहेडचा गठ्ठा घेतला. सहा वर्षांपूर्वी पालिकेने आपलं पेलिकन पक्ष्याचं चिन्ह बदलून दोन वाकड्या रेघांचं नवं चिन्ह आणलं, तेव्हा हा गठ्ठा कचऱ्यात जाणार होता. मर्विनने तो घरी आणला आणि ग्लेनिस तेव्हापासून वाणसामानाच्या याद्या पेलिकनच्या पाठीवर लिहीत आली होती. प्रश्नही पाठीवरच छापायचे होते. पण कोणती बाजू वर ठेवायची याबाबत मर्विनचं आणि प्रिंटरचं कधीच एकमत झालेलं नव्हतं. वीस कागद छापून बाहेर आले तेव्हा प्रत्येकावर वर पेलिकन, त्याखाली यॅराबिजी नगरपालिका, आणि त्याखाली ‘तुम्ही शेवटचं खोटं कोणाशी बोललात?’

“असू दे,” मर्विन म्हणाला. “कागद कशाला वाया घालवायचा.”

पुढचं सगळं या एका वाक्यापासून सुरू झालं.

पहिला कागद त्याने समोरच्या नोएलीन प्राउसला दिला. नोएलीन बोल्स क्लबची चिटणीस. साठीपुढची निम्मी यॅराबिजी त्या क्लबच्या हिरवळीवर चेंडू घरंगळवायला येते आणि उरलेली निम्मी त्यांच्याविषयी बोलायला येते, त्यामुळे नोएलीनला ठाऊक नाही असं गावात फारसं काही नसे. तिने चष्मा लावून कागद वाचला आणि मर्विनला व्हरांड्यात बसवलं.

“कशाबद्दल आहे तुझी गोष्ट?”

“एक माणूस खुर्चीत बसलाय.”

“मेलेला?”

“नाही, जिवंत.”

“मग मार त्याला,” नोएलीन म्हणाली. “माझी भावजय खून झाल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. आणि त्याला जनावरांचा डॉक्टर कर. लोकांना जनावरांचे डॉक्टर आवडतात. उंच असू दे, विधुर असू दे. बायको गेलेली बरी पडते.”

“आधीच मेला तर विधुर होऊन काय करेल?”

“हे बघ, लिहितोयस तू. मी फक्त सुचवतेय.”

तिने कागद ठेवून घेतला आणि आणखी दोन मागितले. मर्विनने आनंदाने दिले. त्या आठवड्यात त्याने उरलेले सतरा वाटले. खाटकाच्या दुकानात दिले, टपाल कचेरीत दिले, केस कापता कापता न्हाव्याला दिला. प्रत्येकाने कागदाच्या आधी सल्ला दिला. खाटकाच्या मते हॅरल्डला एक जुळा भाऊ हवा होता. न्हावी म्हणाला, गोष्ट कुठलीही असो, सुरुवात पुरापासून कर, पूर आला की लोकं पान उलटतात. मर्विन सगळं वहीत टिपून घेत होता. आठवड्याअखेर हॅरल्ड उंच, विधुर, जुळा, जनावरांचा डॉक्टर आणि गुडघाभर पाण्यात होता. खुर्ची मात्र तीच होती.

दरम्यान नोएलीनने क्लबच्या यंत्रावर कागदाच्या दोनशे प्रती काढल्या. तिचा हेतू चांगला होता. तिच्या हेतूंबद्दल गावात कोणाची तक्रार नव्हती, तक्रार नेहमी नंतरच्या गोष्टींबद्दल असे. प्रती तिने बारच्या टोकाला ठेवल्या, शेजारी सोडतीची पेटी ठेवली, आणि कोणी विचारलं तर म्हणायची, “मर्विन टिंडलने आणलाय.” मर्विन म्हणजे पालिका, हे गावाच्या डोक्यात एकतीस वर्षं पक्कं बसलेलं. त्यात वर पेलिकन. लोकांनी सतरावा प्रश्न वाचला, ‘तुम्हाला असं काय हवं आहे, जे तुम्ही अजून कोणालाच सांगितलेलं नाही?’ आणि त्यांना वाटलं, अखेर पालिकेला सुबुद्धी सुचली.

पंधरा दिवसांनी नोएलीनने पेटी मर्विनच्या दारात आणून ठेवली. आत एकशे शहाण्णव कागद होते. दुसऱ्याच दिवशी पालिकेतून फोन आला.

ज्या इमारतीत मर्विनने एकतीस वर्षं काढली तिच्या दारात आता त्याला नाव लिहून गळ्यात पट्टी अडकवावी लागली. पट्टीवर ‘पाहुणा’ असं होतं. त्याला ते लागलं. आत लोकसंवाद अधिकारी म्हणून ब्रेंटन नावाचा तरुण बसला होता, टोकदार बूट आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. टेबलावर पेलिकनवाला एक कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला, जणू त्यावर कोणाच्या बोटांचे ठसे होते.

“मर्विन, हे सर्वेक्षण कोणाच्या परवानगीने झालं?”

“सर्वेक्षण नाही ते. हॅरल्डसाठी आहे.”

“हॅरल्ड कोण?”

“कोणी नाही. खुर्चीत बसलाय.”

ब्रेंटनने लिहून घेतलं. पालिकेच्या चिन्हाचा गैरवापर, तो म्हणाला, हा गंभीर प्रकार आहे. मर्विनने नम्रपणे विचारलं की जे चिन्ह पालिकेने स्वतःच टाकून दिलं त्याचा गैरवापर कसा होतो. ब्रेंटनने नियमावली काढली. नियमावलीत सध्याच्या चिन्हाच्या गैरवापराला एक कलम होतं, भावी चिन्हाच्या गुप्ततेला दुसरं, पण रद्द झालेल्या पेलिकनबद्दल कोणी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. त्याने वरच्या मजल्यावर फोन केला. वरच्या मजल्याने सांगितलं की मर्विनने मागच्या तारखेपासून परवानगी मिळावी असा अर्ज करावा, म्हणजे तो नाकारता येईल. अर्जात ‘उपक्रमाचा प्रकार’ या चौकटीत रस्ते, पाणी, उद्यानं आणि इतर असे पर्याय होते. मर्विनने ‘इतर’वर खूण करून पुढे ‘गोष्ट’ असं लिहिलं.

“आणि ते सगळे कागद सात दिवसांत इथे जमा करा,” ब्रेंटन म्हणाला. “पालिकेच्या नावाने भरलेले आहेत, म्हणजे पालिकेचे झाले.”

“लोकांनी खासगी लिहिलंय त्यांत.”

ब्रेंटनने दार बंद केलं आणि एकदम वेगळ्या आवाजात म्हणाला, “तुम्हाला खरं सांगतो. ‘आपलं गाव, आपलं उद्या’ म्हणून आमचं एक सर्वेक्षण चार महिने चालू आहे. सल्लागार नेमलेत, फलक लावलेत, सॉसेज भाजून वाटले. नऊ उत्तरं आली. त्यांतलं एक माझ्या आईचं. पुढच्या सोमवारी मला सभेसमोर उभं राहायचंय, आणि तुमच्याकडे दोनशे आहेत.”

“एकशे शहाण्णव,” मर्विन म्हणाला. तो आकड्यांत कधी वाढवून बोलत नसे. पट्टी काढून परत देताना त्याला स्वतःचाच राग आला, कारण त्या पोराची त्याला दया येत होती.

घरी येऊन त्याने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. पालिकेला द्यायचे नाहीत तर ज्याचे त्याला परत द्यायला हवेत, आणि परत द्यायचे तर ते कोणाचे हे वाचल्याशिवाय कळणार नव्हतं. बहुतेकांनी नाव लिहिलंच नव्हतं. पण ‘कुत्रा दारू प्यायलेल्या माणसांनाच चावतो’ असं म्हटल्यावर मर्विनला घर कळत होतं. ग्लेनिस समोर बसून वांगी चिरावीत तशा शांतपणे कागद वेगळे करत होती.

बऱ्याच जणांना साध्या गोष्टी हव्या होत्या. जिल्ह्याच्या हॉस्पिटलपर्यंत बस. पोहण्याच्या तलावाला सावली. टपाल कचेरीसमोरचा खड्डा बुजवणं. पण मधूनच एखादा कागद येई आणि मर्विनचा हात थांबे. एका बाईला आपल्या सुनेने एकदा तरी स्वतःहून फोन करावा असं वाटत होतं. खाटकाला, त्या सहा फुटी माणसाला, पियानो शिकायचा होता. कोणीतरी लिहिलं होतं, ‘मला हवं होतं ते मिळालं. आता काय करायचं ते कोणी सांगत नाही.’

“या सगळ्यांच्या फाटकाशी मी वर्षातून चार वेळा जात होतो,” मर्विन म्हणाला.

“फाटकाशीच जात होतास,” ग्लेनिस म्हणाली.

मग शाईच्या पेनाने लिहिलेला एक कागद आला. अक्षर सरळ, रुळांसारखं. घरात कोणता आवाज सतत येतो? ‘न्हाणीघरातला नळ. दर चार सेकंदांनी.’ दुरुस्त करता येण्यासारखी कोणती गोष्ट तुम्ही दुरुस्त केली नाहीत? ‘तोच. मॅव्हिस आजारी होती तेव्हा वॉशर बदलायचं राहून गेलं. ती गेल्यावर बदलायला गेलो, तर लक्षात आलं की घरात माझ्याशिवाय हालणारी तेवढी एकच गोष्ट उरलीय.’ सतराव्या प्रश्नाला आधी ‘काही नाही’ असं लिहून ते खोडलं होतं. खाली होतं, ‘लेटरबॉक्समध्ये चिठ्ठी टाकून जाण्याऐवजी कोणीतरी दार वाजवावं.’

मर्विनला घर शोधावं लागलं नाही. चौदा नंबर, साइडिंग रोड. अल्बन रस्क, रेल्वेचा निवृत्त सिग्नलवाला. त्या मीटरमधलं बारीक लाल चाक कधीच थांबत नसे, आणि नियमाप्रमाणे मर्विन दर तिमाहीला तिथे एक छापील चिठ्ठी टाकत असे: ‘आपल्या जोडणीत गळती आढळली आहे. कृपया त्वरित दुरुस्ती करावी.’ सात वर्षं, वर्षाला चार. त्याने बोटांवर हिशेब केला, मग पुन्हा केला, आणि कागद ग्लेनिसकडे सरकवला.

तिने वाचला. मग म्हणाली, “टोपी घालू नकोस. टोपी घातलीस की तू पालिका दिसतोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मर्विनने मीटरच्या झाकणाला वळसा घालून आयुष्यात पहिल्यांदा चौदा नंबरचं फाटक उघडलं आणि दार वाजवलं. आतून काही आवाज आला नाही. मग खुर्ची सरकली. मग पावलं, एक हलकं, एक जड, आणि मध्ये विश्रांती. मर्विनला वाटलं आता पळून जावं. दार उघडलं.

“मीटर बाहेर आहे,” रस्क म्हणाले.

“माहीत आहे, मिस्टर रस्क.”

“मग आत काय वाचायचंय?”

“काही नाही. दार वाजवायला आलो होतो.”

रस्कनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या कागदाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं की मर्विनला वाटलं, दार बंद होणार.

“ते पालिकेसाठी भरलं होतं,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी नाही.”

“हो. चूक माझी आहे. प्रिंटरची आणि माझी. परत द्यायला आलोय.” आणि मग, कागद द्यायचा सोडून, मर्विनने तिथेच उंबऱ्यावर सगळं सांगितलं: हॅरल्ड, खुर्ची, वर्गातलं हसू, पेलिकन, ब्रेंटन, आणि शेवटी त्या अठ्ठावीस चिठ्ठ्या.

“एकोणतीस,” रस्क म्हणाले. “एका ईस्टरला तू दोन टाकल्या होत्यास. आत ये, माश्या येतायत.”

स्वयंपाकघरात टेबलापाशी दोन खुर्च्या होत्या. रस्कनी चहा केला आणि मग हात पुढे करून वही मागितली. एकोणीस शब्द त्यांनी सिग्नलचा तक्ता वाचावा तसे बोट ठेवून वाचले.

“पुढे?”

“पुढे नाही. तो उठतच नाही.”

“उठून करायचंय काय त्याला?”

“तेच मला कळत नाही. इमोजेन म्हणते, त्याला काहीतरी हवं असायला पाहिजे.”

“हवं असून माणूस उठत नाही,” रस्क म्हणाले. “मी रोज सकाळी इथे बसतो. कोणी आलं तर उठतो.” तक्रार करावी तसं ते म्हणाले नाहीत. गाडी किती वाजता सुटते हे सांगावं तसं म्हणाले. “आता तू आलास म्हणून उठलो. गुडघ्यामुळे जरा वेळ लागला.”

मर्विनने कप खाली ठेवला. “हे लिहू का मी?”

“लिही. माझं नाव घालू नकोस. मांजर घालू नकोस, म्हाताऱ्यांना सगळे मांजर देतात.” मग त्यांनी न्हाणीघराच्या दिशेने पाहिलं. थेंब पडला. “आणि नळ घालायचा नाही. नळ मॅव्हिसचा आहे.”

मर्विन लेखक म्हणून जेमतेम तीन वाक्यांचा होता, पण त्यालाही कळलं की हातातली सगळ्यात चांगली गोष्ट आपल्याकडून काढून घेतली जातेय. इमोजेनला तो नळ मिळाला असता तर ती शक्यतांचं नावही न काढता रडली असती. त्याने वही मिटली. मग त्याने मान डोलावली.

पालिकेचं प्रकरण त्यापुढे सोपं गेलं. मर्विनने मीटरच्या वहीसारखी रेघांची वही आखली आणि मोजून आकडे लिहिले: हॉस्पिटलची बस त्रेपन्न, तलावाला सावली एकतीस, खड्डा अठ्ठावीस. खाली सही केली आणि वही ब्रेंटनला नेऊन दिली. ब्रेंटनने बेरीज केली.

“एकशे बारा. उरलेले चौऱ्याऐंशी?”

“ते पालिकेच्या कामाचे नाहीत.”

“पण त्यांना हवंय काय?”

“ते त्यांना विचारायला हवं. दार वाजवून,” मर्विन म्हणाला. ब्रेंटनने वही छातीशी धरली. मर्विनचा अर्ज तीन आठवड्यांनी रीतसर नाकारण्यात आला.

कागद परत करायला त्याला अकरा दिवस लागले. पूर्वी तो दिवसाला दीडशे घरं करत असे, पण तेव्हा कोणी आत बोलावत नसे. आता प्रत्येक घरी चहा होता, लोणी लावलेले गरम स्कोन होते, आणि गोष्टीत खून कधी होणार याची चौकशी होती. खाटकाने कागद घेऊन पटकन गल्ल्याखाली सरकवला आणि अर्धा किलो सॉसेज जास्त बांधले. मर्विन पियानोबद्दल अवाक्षर बोलला नाही. पोटाचे हाल झाले, पण तेराव्या दिवशी सकाळी वही उघडली तेव्हा हॅरल्डच्या दारावर थाप पडली आणि तो, गुडघ्यामुळे जरा वेळ घेऊन, उठला.

नळाच्या जागी मात्र काहीतरी हवं होतं. कुठलंही झाकण उचलून ते मिळणार नव्हतं. मर्विन दोन दिवस अस्वस्थ होता. तिसऱ्या दिवशी, त्या युकॅलिप्टसखालच्या जुन्या सहकाऱ्याची मनोमन क्षमा मागून, त्याने आयुष्यातला पहिला आकडा मनातून काढला: हॅरल्डच्या घरी रेडिओवर दिवसभर क्रिकेटचं समालोचन चालू असतं. त्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. बायकोला कळत असे. ती गेल्यापासून त्याने रेडिओला हात लावलेला नाही.

लिहून झाल्यावर त्याने चोरी केल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. ग्लेनिसने येऊन पान वाचलं आणि विचारलं, “हे कोणाच्या घरचं?”

“कोणाच्याच नाही.”

“खरं वाटतं,” ती म्हणाली, आणि सूप ढवळायला गेली. तिने त्याला आजवर म्हटलेल्या चांगल्या गोष्टींत ही पहिल्या तिनात होती.

मुदतीच्या आदल्या बुधवारी त्याने गोष्ट वर्गात वाचली. रस्क मागच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. दारावर थाप पडते, हॅरल्ड उठतो, दारात मीटर वाचणारा उभा असतो, दोघं चहा पितात, आणि मीटरवाला उठून जातो. वाचून झाल्यावर कोणी हसलं नाही. इमोजेन खिडकीबाहेर पाहत होती आणि तिने शक्यतांचा उल्लेख केला नाही. मग मागून रस्कचा हात वर झाला.

“मॅव्हिसला क्रिकेट आवडत नसे.”

“ती मॅव्हिस नाही, मिस्टर रस्क.”

“हं. ते खरं.” त्यांनी विचार केला. “पण तो तुझा माणूस एक कप पिऊन लगेच निघून जातो, ते बरोबर नाही. एवढ्या वर्षांनी आलाय. बसायला हवं त्याने.”

“दीड हजार शब्दांची मर्यादा आहे.”

“शब्द वाचवायचे तर दुसरीकडचे वाचव,” रस्क म्हणाले.

मर्विनने तिथेच बसून दुसरा कप लिहिला. दुसरीकडचे शब्द वाचवायचा त्याने मनापासून प्रयत्न केला, पण प्रत्येक शब्द कोणा ना कोणाच्या घरी चहा पिऊन आणलेला होता. ज्याला हात लावावा तो जागचा हलेना. शेवटी त्याने गोष्ट तशीच पाकिटात घातली.

सहा आठवड्यांनी स्पर्धेच्या कचेरीतून पत्र आलं. मर्विन ते घेऊन साइडिंग रोडला गेला. आता दार वाजवल्यावर खुर्ची लगेच सरकत असे. टेबलापाशी बसून त्याने पत्र मोठ्याने वाचलं: आपल्या कथेचा परीक्षकांनी आनंदाने विचार केला असता, तथापि ती विहित मर्यादेपेक्षा बेचाळीस शब्दांनी अधिक भरल्याने बाद करण्यात येत आहे.

रस्कनी पत्र हातात घेऊन पुन्हा एकदा स्वतः वाचलं.

“कुठले बेचाळीस?”

“दुसऱ्या कपाचे,” मर्विन म्हणाला.

रस्कनी पत्राची घडी घालून ते बाजूला ठेवलं. मग टेबलाला हात टेकून उठले आणि त्यांनी किटली पुन्हा गॅसवर ठेवली.